अक्कांच्या पंगतीचा नियम

लातूरला आमच्या मुलींच्या खानावळीत अक्का भाकरी वाढण्याआधी तोंड बघायच्या. बारावीच्या क्लाससाठी मी उमरीहून आले, पहिल्याच दिवशी गुपचूप ताटावर बसले, तर सुनेला म्हणाल्या, "हिला घराची आठवण यायली. ठेचा वाढू नको, डोळे आधीच भरलेत." भूकंपात गावाकडचं घर पडल्यावर त्यांनी ही खानावळ काढली होती. कुणाची चाचणी बिघडली हे क्लासच्या सरांआधी त्यांना कळे.

दिवाळीनंतर त्यांच्या हातून परात निसटू लागली, जीभ जड झाली. एकदा नापास होऊन हुंदके देणाऱ्या मंगलला त्यांनी पेढा दिला. "लई खुशीत हाय पोरगी," म्हणाल्या. शेजारच्या बाई सांडपाण्यावरून लालबुंद होऊन भांडायला आल्या, तर अक्कांनी त्यांना आग्रहानं चहा पाजला. भांडण तिथंच मिटलं.

मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, यात हातपाय लुळे पडत जातात. काहींना समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, दुःखही ओळखू येत नाही. अक्कांनी त्याच दिवशी पंगतीत सांगितलं, "मला आता तुमची तोंडं वाचता येईनात. जिला जे वाटायलंय ते बोलायचं."

मग काय. "अक्का, मी नाराज हाय, वरणात मीठ न्हाई." "अक्का, मी घाबरलेय, उद्या फिजिक्स." सूनबाईही आतून म्हणायच्या, "आत्याबाई, मला राग आलाय."

"कुणाचा?"

"तुमचाच."

"बरं झालं सांगितलंस. मी समजले, तू मजेत हायस."

निकालात मला मेडिकलला गुण कमी पडले. बाबा आले ते आणखी एक वर्ष क्लास लावायचं ठरवूनच. मी हसून मान हलवली. बाबांना हायसं वाटलं. खाटेवरून अक्का म्हणाल्या, "ही हसायली का रडायली, मला कळंना. पोरी, तोंडानं सांग."

इतके महिने पंगतीत मी फक्त मिठाबद्दल बोलले होते. "अक्का, मला डॉक्टर व्हायचं न्हाई. बाबांना सांगायची भीती वाटायली."

अक्का बाबांकडे वळल्या. "आन् भाऊ, तुम्ही? तुमचंबी तोंड मला वाचता येईना."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मलाबी भीतीच वाटायली, अक्का. हिचं पुढं कसं व्हायचं म्हणून."

परतीच्या एसटीत ते नांदेड येईपर्यंत माझ्याशी बोलत होते. मी पुढे इतिहास घेतला.

अक्का त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेल्या. बाबा माझ्यासोबत लातूरला आले. कुणाच्याही मयतीला कोपऱ्यात गप्प बसून परत येणारा हा माणूस सूनबाईंपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मला लई वाईट वाटायलं."