गुणाजी सरांचा पहिला तास

कुणकेश्वरच्या गुणाजीला साठी उलटल्यावर कुणीतरी पहिल्यांदा ‘सर’ म्हटलं, तेव्हा कोण सर आले म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.

म्हणणाऱ्या होत्या पुण्याच्या उर्वशीमॅडम. चित्रं, गाणी, नाच यांच्या आधाराने दुखऱ्या मनांवर उपचार करणारी माणसं त्या तयार करीत. ही मंडळी आजवर चार भिंतींत, पंख्याखाली काम करायची. तेच उघड्यावर, झाडापाण्यात कसं करायचं ते शिकवायला मॅडमनी २००६ च्या डिसेंबरात अठराजणांना किनाऱ्यावर आणलं होतं. आणि गुणाजी होता रापणीसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यासाठी, मासळीवर नजर ठेवणारा. वाळूत उभं राहून पाणी न्याहाळायचं, मासळी दिसली की टॉवेल फिरवून होडीवाल्यांना जाळं टाकायला लावायचं, हे त्याचं चाळीस वर्षांचं काम.

“आमच्या मुलांना बघायला शिकवा. एक तास,” मॅडम म्हणाल्या.

गुणाजी एवढा हरखला की घरी जाताना स्वतःचंच घर मागे टाकून पुढे गेला.

त्याची बायको हिरा मासे विकायची. अख्ख्या बाजाराचा आवाज तिच्या एकटीच्या गळ्यात. गुणाजीच्या वाटणीचाही बहुधा तिलाच मिळाला होता.

“तुमी शिकवतलास? घरात तोंड उघडतास ता जेवक!” ती म्हणाली. “थंय पाच वाक्यां बोललास, तर एक दिवस बाजारात मी गप ऱ्हवतलंय!”

पैज लागली. आता गुणाजीची अब्रू पाच वाक्यांवर येऊन ठेपली. त्याने चार दिवस शुद्ध मराठीत भाषण घोकलं, अगदी माडांना म्हणून दाखवलं. माडांनी काही हरकत घेतली नाही.

तासाला मात्र अठरा चेहरे पुढ्यात बसले आणि भाषण पसार झालं. लाजेने त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं आणि तसाच उभा राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मुलांना वाटलं, हीच सरांची पद्धत! सगळी उठून त्याच्यासारखीच उभी राहिली. त्याने मान खाजवली, तर तिघांनी खाजवली. एकाने वहीत टिपूनही घेतलं.

अर्ध्या तासाने रिया नावाची मुलगी हळूच म्हणाली, “सर, तिथे पाण्याचा रंग वेगळा आहे का?”

गुणाजीने पाहिलं आणि ताडकन उडाला. बांगडो! त्याच्याही आधी पोरीने हेरला होता!

“दिसलो गो तुका! बरोबर दिसलो!” त्याने टॉवेल गरागरा फिरवला. होड्या सुटल्या, जाळं अर्धगोल पसरलं, दोन्ही दोर किनाऱ्याला लागले. “बघतास काय? दोर धरा! पाय वाळूत रोवा! ओ मॅडम, वाकू नकात, मागे रेला! तू रे, नाचणारो, आता नाच!”

मॅडमसकट सगळे ओढू लागले. जाळं चंदेरी होऊन वर आलं तेव्हा कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. दोराला हात लावला त्याचा वाटा, हा रापणीचा कायदा. त्यामुळे अठराजणांना बांगडे मिळाले, त्यात चौघे शाकाहारी.

पाटी घेऊन आलेल्या हिराने विचारलं, “काय, झाला भाषण? पाच वाक्यां तरी बोलले ह्ये?”

“बोलले ना! पाचाच्या वर,” म्हणत रियाने वहीत उतरवलेली त्याची वाक्यं दाखवली.

“ती काय वाक्यां? ती बोंब!” हिरा म्हणाली. पण अठराजण साक्षीला होते, आणि हिरा शब्दाची पक्की.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात ओठ मिटून बसली. गिऱ्हाइकं घाबरून विचारू लागली, “हिराबाय, बरा नाय काय गो?” सूर्य वर आला, बांगडे पाटीत तसेच. शेवटी तिच्या शेजारी बसलेला गुणाजी उठला, घसा साफ केला, आणि हरवलेलं भाषण एकाएकी परत आलं.

“सन्माननीय मॅडम आणि उपस्थित बंधुभगिनींनो!” तो गरजला. “निसर्गाकडे कसे पाहावे, हे सांगण्यासाठी मी येथे उभा आहे. आपण प्रथम या बांगड्याकडे पाहावे!”

पाटी अर्ध्या तासात रिकामी झाली. हिरा तोंडात पदर कोंबून गदागदा हसत होती, पण बोलली नाही.