सेन्सरवरचं कुंकू

जयमाला नवऱ्याबरोबर माझ्या तळेगावच्या घरात खाली भाड्यानं राहते. मूळची लातूरकडची. तिला रडताना मी एकदाच पाहिलं, गेल्या दसऱ्याला.

आदल्या वर्षापर्यंत ती चाकणला पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर होती. काम सेन्सरचं. म्हणजे प्रत्येक प्रेसच्या बेअरिंगवर लोहचुंबकानं चिकटलेली काडेपेटीएवढी डबी. प्रेस किती थरथरते ते ती बिनतारी कळवते आणि शॉपमधलाच छोटा संगणक, कुणालाही न विचारता, बिघडलेली प्रेस बंद करतो. धाकटा दीर कुलदीप, त्यालाही तिनंच तिथे कामाला लावून दिलेलं. "वहिनी, तुमच्या डब्या आमच्या चहाड्या करतात," म्हणायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला प्रेस धुतल्या. डब्यांत पाणी जाऊ नये म्हणून जयमालानं त्या काढून ताटात ठेवल्या आणि त्यांनाही हळदकुंकू लावलं. तेही तेलात कालवून! पुसताना कुंकवाबरोबर डब्यांवर लिहिलेले प्रेसचे नंबरही गेले. सगळ्यांना घरी जायची घाई, मग लावल्या अंदाजानं. तीन नंबरची डबी चारवर गेली, चारची तीनवर. काय म्हणायचं याला? पूजा प्रेसची करायची, डब्यांची कसली करतेस, असं तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं.

दसऱ्यानंतर थरथरायची चार नंबरची प्रेस, बंद पडायची तीन नंबरची. "डबा येडा झालाय, राव," म्हणत कामगार तीन नंबर पुन्हा सुरू करायचे. चारवर कुलदीप होता. एक दिवस तिचं बेअरिंग फुटलं, चाकावरची जाळी उखडून फिरता पट्टा त्याच्या उजव्या हातावर आला. हात मनगटापासून काढावा लागला.

चौकशीत सुपरवायझरनं सांगितलं, "आवाज येत असूनही यानं प्रेस थांबवली नाही." जयमालाला कुणी विचारलंही नव्हतं. तीच उठली. "साहेब, डब्या माझ्याकडून बदलल्या. त्याचा दोष न्हाई."

कुलदीपवरचा ठपका निघाला. हिची नोकरी गेली. सासूबाई तानुबाई धाकट्याकडे राहायला गेल्या आणि हिच्याशी बोलायच्या बंद झाल्या.

गेल्या दसऱ्याला कुलदीप एकटाच आला. डाव्या हातात आपट्याची पानं.

"वहिनी, सोनं घ्या. डाव्या हातानं देतोय, चालतंय न्हवं?"

हसत होता. जयमालानं हात पुढे केला, पण पान तिच्या हातून निसटलं. उचलायला तो वाकला, सवयीनं उजवी बाही पुढे करून.