मामांना वाचून दाखवलेली पुस्तकं

माझा जन्म पाचगणीचा. वडील तिथल्या एका बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते आणि आम्ही शाळेच्याच आवारात दोन खोल्यांत राहायचो. आपण कॅथलिक आहोत हे मला आईच्या जपमाळेवरून आणि रविवारी चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेवरून, मिस्सेवरून कळलं. त्यासाठी कधी पुस्तक उघडावं लागलं नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली होती, ती म्हणून दाखवल्यावर पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला. पुढे आयटीआय करून कुपवाडला नोकरीला लागलो. पंपांच्या सुट्या भागांची तपासणी करणं हे माझं काम. सांगलीत घर केलं. रविवारी चर्चला जाणं चालू राहिलं, पण पाठ केलेली उत्तरं कधी विसरलो ते मला सांगता येणार नाही.

बायको पाटणजवळच्या एका गावातली, हिंदू शेतकरी घरातली. लग्न आमच्या पसंतीनं झालं. तिनं धर्म बदलला नाही आणि मीही तो विषय काढला नाही. तिचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लग्नाला ते आले, मागच्या बाकावर ताठ बसून राहिले आणि न जेवता गेले. आम्हाला मुलगी झाली तेव्हा मात्र तांदळाचं पोतं घेऊन आपणहून आले आणि त्यानंतर येत राहिले. बायको त्यांना दादा म्हणते, मी मामा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात.

मामांना काचबिंदू होता, आणि तो फार उशिरा लक्षात आला. मिरजेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरली आहे तेवढी राखायची. सारखं तपासणीला यावं लागणार होतं आणि डोळ्यांत थेंब घालायला माणूस हवं होतं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मेहुण्याच्या मागं शेती आणि जनावरं. तेव्हा मामा आमच्याकडे राहायला आले. मुलगी तोवर शिकायला पुण्याला गेली होती, तिची खोली त्यांना दिली.

मामा वाचणारे होते. सीमेवरच्या चौक्यांमध्ये बर्फात अडकून पडल्यावर हाताला येईल ते वाचायची सवय लागली, असं ते सांगायचे. गावीही पेपर पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचायचे. आता त्यांना अक्षरांच्या जागी नुसती करडी रेघ दिसायची. मी कामावरून आलो की हातपाय धुऊन, चहा घेऊन त्यांना पेपर वाचून दाखवायला लागलो. त्यांना आणि मला एकमेकांशी फारसं बोलायला कधी सुचत नसे, त्यामुळे वाचणं दोघांनाही सोयीचं पडलं.

एका संध्याकाळी पेपर अर्ध्यावर असताना त्यांनी मला थांबवलं.

“पाव्हणं, पेपर बास झाला. रोज तीच भांडणं. तुमच्यातलं कायतरी वाचा की. माझ्या पोथ्या मला पाठ हायत. तुमचं काय असतंय ते मला अजून कळलं न्हाई.”

मी बरं म्हणालो. मग घरात शोधलं तर आईची जुनी प्रार्थनांची पोथी आणि लग्नात भेट आलेला एक जाडजूड ग्रंथ, एवढंच निघालं. ग्रंथाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. दुसऱ्या दिवशी तोच घेऊन बसलो.

तो श्रद्धेच्या मूलतत्त्वांवरचा होता, परदेशी भाषेतून मराठीत आणलेला. एकेक वाक्य अर्धं पान चालायचं. कर्ता सापडेपर्यंत क्रियापद हरवायचं आणि क्रियापद आलं की माझा श्वास संपलेला असायचा. मनात वाचताना माणूस न कळलेला भाग उडी मारून ओलांडतो आणि आपल्याला कळलं असं समजतो. मोठ्यानं वाचताना ते जमत नाही. आवाजच सांगतो की याला काही कळलेलं नाही. मामा आठवडाभर ऐकत राहिले. मग म्हणाले की ह्याची भाषा आमच्या हेडक्वार्टरच्या हुकमासारखी आहे, खरं असेल, पण कुणाला सांगितलंय ते कळत नाही. मी ग्रंथ कपाटात ठेवला. तो वाईट होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. मला तो पेलत नव्हता.

मग चर्चच्या दाराशी पुस्तकांचं टेबल असतं तिथून एका संताचं चरित्र आणलं. ते सोपं होतं आणि भराभर वाचून होत होतं. हा संत पाळण्यात असल्यापासून शुक्रवारचा उपास करायचा. शाळेत त्याला कुणी मारलं तर तो मारणाऱ्यासाठी प्रार्थना करायचा. पुढं त्याच्या हातून चमत्कार झाले, दर प्रकरणात एक. मामांना चमत्कारांचं काही वाटलं नाही. ते त्यांना त्यांच्या पोथ्यांमधूनही माहीत होते. पण चार-पाच दिवसांनी त्यांनी विचारलं की हा माणूस कधी चुकलाच नाही का, कुणावर चिडला नाही का. मी पुढची पानं चाळून पाहिली आणि नाही म्हणालो.

“मग त्याचं बरं झालं,” मामा म्हणाले. “आपल्याला त्याचा उपेग न्हाई.”

तिसरं पुस्तक मी मोबाइलवर मागवलं. त्या दिवसांत मी धर्मावरचे व्हिडिओ बघायला लागलो होतो. एका व्हिडिओत बोलणारा माणूस फार ठाम होता, प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे तयार उत्तर होतं, आणि मला तेच हवं होतं. मामांनी काही विचारलं की मी गप्प बसायचो, ते मला खटकायला लागलं होतं. त्यानंच सांगितलेलं पुस्तक तीन दिवसांत घरी आलं. सुरुवातीची प्रकरणं खरंच चांगली वाटली. मुद्देसूद होतं, वाक्यं छोटी होती. मी जोरात वाचत होतो. कामावरही एक-दोघांना त्यातले मुद्दे सांगितले आणि एकाशी थोडा वादही घातला.

मग मूर्तिपूजेचं प्रकरण आलं. पान उलटल्यावर खाली काय लिहिलंय ते मला आधीच दिसलं आणि मी वाक्याच्या मध्येच थांबलो. मामांनी का थांबलो ते विचारलं. मी म्हणालो, आज एवढंच बास. ते म्हणाले, वाचा. मी पुन्हा नको म्हणालो. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

“आवं वाचा की,” मामा म्हणाले. “मी काय न्हानगं पोर हाय?”

मी वाचलं. मूर्तीपुढं हात जोडणाऱ्या लोकांना अक्कल नसते, ते दगडाला घाबरतात आणि दगडाकडून फायदा मागतात, असा त्याचा एकूण सूर होता. ते पान संपेपर्यंत मी मान वर केली नाही.  मामा म्हणाले, “हे ल्हिणारा कुणाच्या देवघरात कवा बसलाय का? माझी बायको चाळीस वर्षं सकाळी देवापुढं बसली. तिनं काय मागितलं ते मला ठाऊक हाय. सोतासाठी कायबी न्हाई.”

ते रागावले नव्हते. बायको आत निघून गेली. त्या संध्याकाळी आम्ही पुढं वाचलं नाही, दुसऱ्या दिवशी नुसता पेपर वाचला.

रविवारी मिस्सा झाल्यावर मी ते पुस्तक पिशवीत घालून फादरांकडे गेलो. आमचे तेव्हाचे फादर वयस्कर होते, कर्नाटकातून आलेले, मराठी सावकाश बोलायचे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, मजकूर न वाचता पहिल्या पानाच्या मागची बाजू पाहिली आणि म्हणाले की ह्यावर बिशपांची अनुमती नाही, प्रकाशकही ओळखीचा नाही. अनुमती असली म्हणजे पुस्तक चांगलं असतंच असं नाही, त्यात श्रद्धेविरुद्ध काही नाही एवढंच त्यातून कळतं. पण इथं तेवढंही नाही. दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे या लेखकाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, असंही ते म्हणाले. मलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, “हे पुस्तक बंद केल्यावर तुम्हाला काय करावंसं वाटायचं? प्रार्थना, की भांडण?”

मी खरं ते सांगितलं.

त्यांनी विचारलं की मी बायबलात येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलंय का. मी लहानपणापासून दर रविवारी ऐकत आलो होतो, पण तुकड्या-तुकड्यांनी. सलग कधीच वाचलं नव्हतं. फादर म्हणाले, सगळ्यात छोटं आहे ते आधी वाचा, स्पष्टीकरणाच्या नादी लागू नका, गोष्टीसारखं वाचा. आणि त्यानंतर वाचायला म्हणून त्यांनी आपल्या कपाटातलं एक बारीक, कव्हर निघालेलं पुस्तक दिलं.

आम्ही शुभवर्तमान वाचायला घेतलं. मला ते ओळखीचं वाटेल अशी माझी समजूत होती, पण सलग वाचताना ते मला नवीन वाटलं. त्यात सगळं घाईघाईनं होत होतं. शिष्यांना काही कळत नव्हतं, ते घाबरत होते, मोठेपणासाठी आपसांत भांडत होते. मामांना शिष्य आवडले. नवीन भरती झालेली पोरं अशीच असतात, म्हणाले. येशूला दमून होडीत झोप लागते तिथं त्यांनी मला परत एकदा वाचायला लावलं.

मधल्या प्रकरणांनंतर मला एक काळजी लागली. रस्त्याच्या कडेला बसलेल्या आंधळ्याचा प्रसंग जवळ येत होता. तो येशूला हाक मारतो आणि शेवटी त्याला दिसायला लागतं. मामांची गेलेली नजर परत येणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. तो भाग गाळावा असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, दादांना गाळलेलं कळतं, त्या दिवशी बघितलंत ना.

मी वाचलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवला. संपल्यावर मामांनी मान हलवली.

“त्यो हाक मारतोय तवा लोक त्याला गप बस म्हणत्यात,” ते म्हणाले. “हे खरं हाय. दिसंनासं झाल्यापासनं मला समदी गप बसा म्हणत्यात. तुमी बसा, आमी करतो.” पुढं म्हणाले, “आणि त्यो इचारतो बघा, तुला काय पायजे म्हणून. आंधळ्याला काय पायजे ते दिसतंयच की. तरी इचारतो.”

तो प्रसंग मी रविवारच्या मिस्सेत किती वेळा ऐकला असेन. त्यातला माणूस मला कधी दिसलाच नव्हता, मी थेट चमत्कारापाशी पोचायचो. त्या दिवसापासून थेंब घालायला गेलो की मी मामांना आधी विचारायला लागलो, आत्ता घालू की थोड्या वेळानं. बायकोनंही त्यांच्या ताटात न विचारता वाढणं बंद केलं.

फादरांचं बारीक पुस्तक आम्ही त्यानंतर वाचलं. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम केलेल्या एका धर्मगुरूनं ते लिहिलं होतं. बरीच वर्षं आपल्याला प्रार्थना करताना काहीच वाटत नव्हतं, तरी आपण रोज त्या वेळेला जाऊन बसत होतो, एवढंच त्यात सांगितलं होतं. शेवटी काही मोठं घडतही नाही. मामांना ते फार पटलं. पहारा असाच असतो म्हणाले, रात्रभर काही होत नाही, पण जागा सोडायची नाही. मला पटायला वेळ लागला. पण त्या ईस्टरच्या आधी मी पापनिवेदनाला गेलो. त्याआधी कधी गेलो होतो ते मला आठवत नव्हतं, आणि फादरांनाही तसंच सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही.

उरलेली नजर टिकली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मामा गावी परत गेले. आता तिथं मेहुण्याची सून त्यांना पेपर वाचून दाखवते. ते बदललेले नाहीत, त्यांचे देव त्यांच्याजवळ आहेत, आणि ते बदलावेत असं मला कधी वाटलं नाही. ते वाटायला हवं होतं का, हे मी फादरांना विचारणार होतो, पण तेवढ्यात त्यांची बदली झाली. नवे फादर तरुण आहेत. ते वेगळी पुस्तकं सांगतात, त्यांतली काही मला जमतात, काही जमत नाहीत.

चर्चच्या दाराशी पुस्तकांचं टेबल अजून असतं. हल्ली मला कुणी कुणी विचारतात, काय वाचू. मला फारसं कळत नाही, पण टाळताही येत नाही. मागच्या रविवारी एका बाईनं विचारलं. तिचा नवरा नुकताच वारला होता. आधी मी तिला काय पाहिजे ते विचारलं. ती म्हणाली, रडू न येता वाचता येईल असं काहीतरी. टेबलावर मला तसं काही सापडलं नाही. शोधून ठेवतो म्हणालो, आणि अजून शोधतो आहे.