एकाच जागी मोजलेला गाळ

तळेवालीला पाण्याची भीती वाटायची, हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. गावाचं सांडपाणी ज्या तळ्यांत येऊन निवळायचं, तिथं ती कितीतरी वर्षं कामाला होती. काठाचं गवत, जाळ्या, झडपा, सगळं चोख. फक्त होडीत ती बसायची नाही. गाळ मोजायचा तोही काठाच्या फळीवर उभं राहून. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळाला टेकवायचं आणि वर काढायचं; फडकं काळं होईल तेवढा गाळ. दर खेपेला वीतभर. त्यामुळे ती निर्धास्त होती.

उताराला तिच्या थोरल्या नणंदेची रोपवाटिका होती. तळ्यात निवळलेलं पाणीच पाटाने रोपांना जायचं. एका सकाळी नणंद माना टाकलेल्या रोपांचा ट्रे घेऊन तरातरा वर आली.

"वहिनी, काय पाजतेस माझ्या रोपांना? वास तरी घेऊन बघ! ही खेपही गेली तर कुलूप लावते आणि जाते लेकाकडे."

ती निघून जावी असं तळेवालीला मुळीच वाटत नव्हतं. नणंद फटकळ खरी, पण सासरी तिला आपलं म्हणणारी पहिली तीच.

"ताई, वरून कुणी औषधबिवषध सोडलं असेल. तळंच मेलं असेल हो, घाण खाणारे बारीक जीवच उरले नसतील."

"असेल-नसेल काय करतेस? बघायचं कसं ते सांग."

तळ्यात पाणी कसं फिरतं ते पूर्वीचे मुकादम संत्री टाकून बघायचे. संत्रं पाण्यात जेमतेम तरंगतं, वाऱ्याने भरकटत नाही; पाणी जाईल तिकडे जातं. तळं ठीक असेल तर ते दिवसचे दिवस आत रेंगाळतं. पाणी तसं रेंगाळलं, त्याला ऊन लागलं, तरच घाण खाली बसते आणि वास जातो. तळेवालीने डब्यातली संत्री पाणी येतं त्या तोंडाशी सोडली. दोघी चहाला बसल्या. कप रिकामे व्हायच्या आत संत्री फळीला घासून, एका रांगेत, पलीकडच्या तोंडातून बाहेर!

"ही तर शाळा सुटल्यासारखी पळाली," नणंद म्हणाली. "बाकीचं तळं काय शोभेला आहे?"

त्याचं उत्तर होडीत बसल्याशिवाय मिळणार नव्हतं. तळेवाली काठावर घुटमळली.

"बस गं. बुडालीस तर भावाला मी समजावीन."

"माझ्या जिवावर उदार झालात होय?" म्हणत ती डोळे मिटून बसली. नणंदेने वल्हं मारलं. फळीपासून जरा दूर जाऊन काठी खाली सोडली, तर ती कोपरभर पाण्याखालीच गाळात रुतली. कोपऱ्यांत गाळ पार वर आलेला. पाण्याला फळीजवळून एवढीच एक वाट उरली होती, आणि तिथला तळ ते स्वतःच धुऊन नेत होतं. तळेवाली इतकी वर्षं नेमकी तीच जागा मोजत आली होती.

तिला आधी लाज वाटली. मग जीव भांड्यात पडला.

"मेलं नाहीये हो ताई! नुसतं गाळाने भरलंय! उपसला की झालं!"

"हळू, होडी हलतेय! गाळ बघून एवढी हरखलेली बाई मी जन्मात पाहिली नाही."

साहेबांना तिने स्वतःच सांगितलं, माझं मोजणं चुकलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पंप मागवला. तोवर पाणी शेजारच्या नुकत्याच उपसलेल्या तळ्यात वळवलं. थोड्याच दिवसांत पाटाचा वास गेला. रोपांच्या नव्या खेपेने माना वर काढल्या.

लेकाचा फोन आला तेव्हा नणंद तळ्यावरच होती.

"इतक्यात नाही रे येत," ती म्हणाली. "तुझ्या मामीला वल्हवायला शिकवतेय. ती होडी गोल गोल फिरवतेय नुसती. अगं, उजवीकडे, उजवीकडे!"