समोरच्या पबमधलं शेवटचं बिऱ्हाड

आम्ही हे घर घेतलं तेव्हा समोर पब आहे, हे मी सांगलीला आईला सांगितलंच नव्हतं. कॉव्हेंट्रीच्या बाहेरचं छोटंसं टाउन. मी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, माझी बस घराच्या कोपऱ्यावर. नवऱ्याला लंडनची ट्रेन सोयीची. सगळं जमून आलं होतं, फक्त खिडकी उघडली की समोर आईच्या भाषेतला दारूचा गुत्ता. पहिले काही महिने मी पुढच्या खोलीचे पडदे लावूनच ठेवले.

मग एका जानेवारीत किल्ली आत राहिली आणि दार मागे ओढलं गेलं. बर्फ पडत होतं, नवरा लंडनला, मी पायरीवर पाय आपटत उभी. पबचं दार उघडलं आणि एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई चपलांतच रस्ता ओलांडून आली. "आत ये, लव्ह. इथे उभी राहून पुतळा होणार आहेस का?" ती पबची लँडलेडी, म्हणजे पब चालवणारी. तिने मला फायरप्लेसजवळ बसवलं आणि वरच्या स्वतःच्या किचनमधून चहा करून आणला.

बारमागे तिचा नवरा, खांद्यावर टॉवेल टाकून ग्लास पुसत होता. "कुठली तू?"

"इंडिया."

"ते दिसतंच आहे. गाव कुठलं?"

इतक्या वर्षांत इथे मला गाव कुणी विचारलं नव्हतं. मी सांगलीचं नाव सांगितलं, हळदीच्या बाजाराचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि मग जणू परतफेड म्हणून स्वतःच्या पबची सगळी कुळकथा सांगायला बसला.

पहिला लँडलॉर्ड मुळात लोहार. कॉव्हेंट्रीच्या रस्त्यावरच्या घोडागाड्या त्याच्याकडे नाल ठोकायला थांबायच्या, आणि थांबलेल्या लोकांना तो मागच्या खोलीत बिअर द्यायचा. हळूहळू ऐरण कोपऱ्यात गेली, पिंपं पुढे आली. तो गेल्यावर त्याच्या विधवेने पब चालवला, पण दारावर नाव लागलं जावयाचं. पुढे युद्धात बॉम्ब पडून कॉव्हेंट्री जळली त्या रात्री इथे जो लँडलॉर्ड होता, त्याने अख्खी गल्ली तळघरात, बिअरच्या पिंपांमध्ये नेऊन बसवली. सकाळी तो बहिणीला शोधायला शहरात गेला. परत आला तो एकटाच. मरेपर्यंत त्याने बार उघडला, पण त्या सकाळबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच्यानंतर आमच्या लँडलॉर्डचे वडील, मोटारीच्या कारखान्यातली नोकरी सोडून आलेले. आणि मग हा स्वतः. जन्म वरच्याच खोलीतला.

भिंतीवर या मंडळींचे फोटो होते, म्हणजे फोटो निघायला लागल्यापासूनच्यांचे. मी विचारलं, "यात एकही बाई कशी नाही?"

लँडलेडी बारमागूनच म्हणाली, "फोटो काढताना बार कुणीतरी सांभाळायला नको का?"

नंतर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिथे जायला लागलो. नवरा अर्धा पाइंट घ्यायचा, मी लाइम सोडा. दिवाळीत मी चिवडा नेला, तर लँडलेडीने तो वाट्यांमध्ये घालून बारवर ठेवला आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी तासाभरात फस्त केला. पुढच्या वर्षी ऑक्टोबर लागल्यापासून ते मला चिवड्याची आठवण करून द्यायला लागले. आईला मी एव्हाना फोनवर सगळं सांगत होते. ती म्हणायची, "बाई चांगली दिसते, पण तू पिऊ नकोस हो."

लॉकडाउनमध्ये पब बंद झाला. पुन्हा उघडला तेव्हा कोपऱ्यातले तिघं-चौघं राहिले नव्हते, आणि जे होते त्यांना घरी टीव्हीसमोर कॅन उघडायची सवय लागली होती. अशाच एका रिकाम्या शुक्रवारी मला लँडलॉर्डचा हात दिसला. ग्लास धरला की काठ नळावर किणकिण वाजायचा. चालताना पावलं आखूड पडत होती. माझं रोजचं कामच ते. मी लँडलेडीला बाजूला घेतलं.

"माहितीये मला," ती म्हणाली. "पण त्याला बोलू नकोस. मला अजून दिसलं नाही, असं त्याला वाटतंय."

पुढे निदान झालं, पार्किन्सन्स. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी रिकाम्या बारमध्ये मी त्याच्याकडून व्यायाम करून घेऊ लागले. मोठी पावलं, हात हलवत, फायरप्लेसपर्यंत आणि परत. सगळ्यात अवघड असायचं दार. या आजारात माणूस दारापाशी आला की पाय जागीच थिजतात. मी म्हणायचे, जमिनीवर आडवी रेघ आहे समजा आणि ती ओलांडा. बिअरचा पंप ओढणं, पिंपं बदलणं, सगळं आता ती एकटी करत होती.

त्या सकाळी मी कामाला निघाले होते. ती पबची पायरी झाडत होती. मला बघून तिने केरसुणी वर केली, नेहमीसारखी, आणि खाली बसली. मग आडवी झाली. मी धावले. ॲम्ब्युलन्सला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि तिच्या छातीवर दाब द्यायला लागले. आवाज ऐकून तो आतून आला, आणि उंबऱ्यावर थिजला.

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तो चौकट धरून उभा, पाऊल उचलत नाही. तिचं नाव घेऊन हाका मारत होता. मला म्हणाला, "रेघ सांग, रेघ सांग मला." मी दाब देत देत ओरडत राहिले, ओलांडा, ओलांडा. ॲम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी त्याला धरून बाजूला केलं तेव्हा त्याचा पाय हलला. तोवर काही उरलं नव्हतं. तिचा हात त्याच्या हातात मिळाला तो गार झालेला.

पुढे बिअर कंपनीची माणसं आली. सभ्य होती, चहा घेतला. पब कंपनीचा, यांनी फक्त चालवायला घेतलेला, वरचं घर पबबरोबरचं, आणि त्याच्या एकट्याच्याने पब होणार नव्हता. ती माणसं गेल्यावर तो मला म्हणाला, "जन्मभर सगळे मला लँडलॉर्ड म्हणाले. इथे माझ्या मालकीची फक्त ती किटली आहे."

मुलगी ऑस्ट्रेलियात. आईच्या फ्युनरलला आली, रडली, त्याला टाउनच्या दुसऱ्या टोकाच्या केअर होममध्ये ठेवून परत गेली. तिला तरी काय म्हणायचं? माझी आईही सांगलीत एकटीच आहे.

मी रविवारी त्याला भेटायला जायचे. तो विचारायचा, "आज पब कोणी उघडला?" मी सांगायचे, खिडक्यांना फळ्या मारल्यात. तो ऐकायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा. एकदा हट्टच धरला म्हणून मी टॅक्सीने व्हीलचेअरसकट त्याला घेऊन आले. पबचे फ्लॅट करायचं काम सुरू झालं होतं. आमच्या डोळ्यांदेखत दोन माणसांनी बारचा लांब लाकडी काउंटर मधोमध कापला आणि बाहेर आणून राडारोड्याच्या स्किपमध्ये टाकला. त्याने ते सगळं पाहिलं. मग म्हणाला, "घरी चल." कुठलं घर म्हणायचंय ते मला कळलं नाही. मी त्याला केअर होममध्ये परत नेलं.

त्यानंतर त्याने व्यायाम सोडला. मी हात धरून उठवायला गेले की शांतपणे हात सोडवून घ्यायचा. "कुठे जायचंय चालून?" फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

क्रेमेटोरियममध्ये आम्ही मोजकी माणसं होतो. मुलीने ऑस्ट्रेलियातून स्क्रीनवर पाहिलं. अर्ध्या तासात आटोपलं, कारण पुढच्या फ्युनरलची गाडी बाहेर येऊन थांबली होती. आम्ही कार पार्कमध्ये घोळका करून उभे राहिलो. इथे फ्युनरलनंतर पबमध्ये बसून गेलेल्या माणसाच्या आठवणी काढायची रीत आहे. कोणीतरी विचारलं, "आता कुठे बसायचं?" एका म्हाताऱ्याने स्टेशनजवळच्या पबचं नाव घेतलं, तर दुसरा म्हणाला, तोही बंद झाला. सुपरमार्केटच्या कॅफेचा विषय निघाला, पण काळ्या कपड्यांत ट्रॉल्यांच्या मध्ये बसायला कोणाचंच मन होईना. त्याच्याबद्दल बोलायचं प्रत्येकाच्या मनात होतं, माझ्याही होतं. पण उभ्या उभ्या तसं बोलता येत नाही. पाऊस वाढला तसे एकेक करून सगळे आपापल्या गाडीकडे गेले.