किमानी आमचा भाऊबंद

किमानीबरोबर कॉलेजला निघालं, की पहिला तास बुडालाच म्हणून समजावं. वाटेत भेटेल त्याची साग्रसंगीत विचारपूस केल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडत नसे. "आबा बरा शे? अक्का बरी शे? बैल बरा शे?" बैलापर्यंत पोचल्यावरही सुटका नव्हती, कारण बैल दोन असत. केनियात, त्याच्या गावी, अशीच रीत होती म्हणे. नुसतं 'काय, कसं काय' म्हणून निघून जाणाऱ्याला तिकडे उद्धट समजत.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आफ्रिकेतली मुलं शिष्यवृत्ती घेऊन इकडे शिकायला येऊ लागली होती. बाकीची मुंबई-पुण्याला राहिली. हा तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायला अमळनेरच्या आमच्या लहानशा कॉलेजात कसा आला, ते त्यालाही नीट सांगता येत नसे. वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून वडिलांनी त्याला आमची माडीवरची खोली दिली. तो मला तर्कशास्त्र समजावून सांगे, मी त्याला अहिराणी शिकवी. दोघांत हुशार विद्यार्थी कोण, हे सांगायला नको.

पहिल्याच श्रावणात त्याने घोटाळा केला. आमच्याकडे तेव्हा कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून दळतात, त्याच्या पुरणपोळ्या होतात, तोच देवीचा रोट, आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. हे किमानीला सांगायचं आम्ही सगळेच विसरलो. तो भुकेला घरी आला, झाकून ठेवलेल्या पुरणपोळ्या त्याला दिसल्या, त्यातल्या तीन त्याने उभ्या उभ्या खाल्ल्या आणि वर माझ्या आईला सांगितलं, "अक्का, झकास शे."

भावकीतले वडीलधारे नाना भडकले. देवी कोपेल, आजच्या आज खोली रिकामी करून घ्या, म्हणाले. किमानी भिंतीशी तोंड पाडून उभा. आता हा राहणार कुठे आणि शिकणार कसा? आई मात्र शांत होती. "खाई लिधं ना त्यानी? मंग तो आते भाऊबंदच व्हयना. पुढला साले त्याना नावनी मूठ काढसू."

दुसऱ्या दिवशी किमानीने हे प्रकरण थेट तर्कशास्त्राच्या तासाला मांडलं. रोट फक्त भाऊबंद खातात. मी रोट खाल्ला. म्हणून मी भाऊबंद. सर हसून म्हणाले, "आकार निर्दोष आहे. पहिलं विधान खरं की खोटं, ते तुमच्या नानांना विचारा."

नानांना कोण विचारणार? त्यांनी त्याच्याशी अबोलाच धरला. किमानीही चिवट. रोज रस्त्यात उभा राहून त्यांच्या दोन्ही बैलांची चौकशी करी, आणि नाना समोरच्या लिंबाकडे बघत निघून जात. दोन वर्षं हा खेळ चालला. आईने मात्र दर श्रावणात त्याच्या नावाची मूठ काढली.

शेवटच्या वर्षी पत्र आलं. तिकडे इंग्रजांशी झगडा पेटलेला, टपाल महिनोन्महिने अडकून पडे. किमानीचे वडील चार महिन्यांपूर्वीच वारले होते. तो माडीवर जाऊन बसला. खाली येईना. मी दाराशी उभा राहिलो.

तासाभराने नाना आले. बरोबर भावकीतले सात-आठ जण, सगळ्यांच्या खांद्यावर पंचे. नाना कुणालाही न विचारता जिना चढून गेले.

"चाल भो, नदीवर. बाप गया तुना. आमले बी आंघोय करनी पडी."

बोरीला गुडघाभर पाणी होतं. सगळ्यांनी बुड्या मारल्या. मग नानांनी तर्पणासाठी ओंजळ भरली आणि किमानीला त्याच्या वडिलांचं नाव विचारलं.

"न्जुगुना," तो म्हणाला.

नानांच्या जिभेला ते वळेना. ते चुकत, किमानीला पुन्हा म्हणायला लावत, तोवर पाणी बोटांतून गळून जाई, आणि ते वाकून पुन्हा भरून घेत. नाव बरोबर येईपर्यंत नानांनी ओंजळ सोडली नाही.