आजोबांवरचा परिच्छेद

मैत्रिणींनो, आज सकाळी नातीने शाळेसाठी तिच्या गेलेल्या आजोबांवर लिहिलेला परिच्छेद वाचून दाखवला. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय!

“अगं, हे कुणाचेही आजोबा! माझा नवरा कुठाय यात?”

“मार्क मिळतात, आजी!”

मी भडकले आणि तिला सुनावलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बजावायच्या, पहिल्या वाक्यात एकच गोष्ट सांगा आणि बाकीच्या वाक्यांनी ती पटवा. हल्ली हे कुणी शिकवतच नाही वाटतं.

फणकारत तिने पुन्हा लिहिलं:

“आजोबांना आजीशिवाय करमायचं नाही. ती टी. नगरच्या बाजारात साड्या बघायला गेली, की ते गेटपाशी खुर्ची टाकून बसायचे. ऑटो थांबली, की उठून बघायचे. ती आली, की पेपरात डोकं खुपसायचे.”

मी समजत होते, मी आलेलं यांना कळतसुद्धा नाही.

तुमच्या माणसाबद्दल पहिलं वाक्य कोणतं लिहाल?